मंगळवारचा गोवा

स्वस्तातला गोवा आहे, यावर माझा विश्वास आहे. मी तो पाहिलेला नाही, इतकंच.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पाहिलाय. 'चौघांचं मिळून, जाण्यायेण्यासकट, अठरा हजार.' हा आकडा मी त्यांच्या तोंडून 2014 पासून ऐकतोय. दरम्यान पेट्रोल वाढलं, पापलेट वाढलं, त्यांची मुलं वाढून कॉलेजात गेली. अठरा हजार जागचे हलले नाहीत. महागाई रोखून धरायची विद्या देशात एकाच माणसाला अवगत आहे आणि तो बी विंगच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सांभाळतो. रिझर्व्ह बँकेचं केवढं नुकसान.

यंदा मी म्हटलं, आपणही अठरा हजारांत बसू. म्हणजे आमच्या बाबतीत छत्तीस, कारण आम्ही आठ. आई, मी, बायको, मुलगा, आणि मेहुण्याचं चौकोनी कुटुंब. मेहुणा आमच्या प्रत्येक बेतात आपोआप लागू होतो, जीएसटीसारखा.

मुहूर्त सापडला होता. 2 ऑक्टोबर शुक्रवारी आलाय. जानेवारीत नवं कॅलेंडर घरात आलं की आई संकष्ट्या बघते, बायको लग्नाच्या तारखा बघते आणि मी लाल आकडे बघतो. लाल आकडा बुधवारी पडला तर वाया. रविवारी पडला तर घरात चोरी झाल्यासारखं वाटतं. शुक्रवारी पडलेला लाल आकडा मात्र नोकरदाराला लॉटरीसारखा. शुक्र, शनि, रवि. रजेचा अर्जसुद्धा नको. ही युक्ती आपल्याला एकट्यालाच सुचलीय, अशा आनंदात मी जुलै काढला.

तेच कॅलेंडर सगळ्यांच्या भिंतीवर असतं, हे 2 ऑगस्टला कळलं.

त्या तारखेचं कारण असं. आम्हाला 1 ऑक्टोबरची, म्हणजे गुरुवार रात्रीची, कोकणकन्या हवी होती. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. साठ दिवस मागे मोजले की 2 ऑगस्ट येतो, रविवार, सकाळी आठ. पूर्वी ही मोजणी एकशेवीस दिवसांची होती, ती 1 नोव्हेंबर 2024 पासून साठावर आणली. मला विचाराल तर सोयच झाली. तिकीट मिळालं नाही हे दुःख आधी चार महिने उराशी बाळगावं लागायचं, आता दोन महिन्यांत उरकतं.

तर रविवारी पावणेआठला आम्ही तिघं तीन फोन घेऊन डायनिंग टेबलाशी बसलो. मेहुणा त्याच्या घरून चौथ्या फोनवर. आठ वाजले. पडद्यावर चक्र फिरू लागलं. आमचं वायफाय भाविक आहे, कामाच्या वेळी प्रदक्षिणा घालतं. आठ वाजून सहा मिनिटांनी ते थांबलं तेव्हा समोर तीन आकडी वेटिंग होतं. सहा मिनिटांत अख्खी मुंबई, ठाणे आणि त्यामागून पनवेल गोव्याला जाऊन बसलं होतं.

'तत्काळ आहे की, भावोजी!' मेहुणा म्हणाला.

तत्काळ म्हणजे आदल्या दिवशी. एसीचं सकाळी दहाला, बिनएसीचं अकराला. आठ माणसांनी तत्काळच्या भरवशावर गोव्याला जाणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल शोधायला निघणं.

मग विमान. विमानाचा शोध लागला तो मेहुण्याला. स्वस्त तिकीट, तेही गोव्याचं. तिकिटावर गोवा लिहिलेलं असतं, पण गोव्यात आता विमानतळ दोन. जुना दाबोळीचा आणि नवा पेडणे तालुक्यात मोप्याचा, जिथून 2023 च्या जानेवारीत विमानं उडू लागली. स्वस्त होतं ते मोप्याचं. आम्हाला राहायचं होतं पाळोळ्याला, म्हणजे गोव्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. बांद्यापासून मोपा हाकेवर आणि पाळोळ्यापासून कारवार. मधे शंभरेक किलोमीटर. म्हणजे मुंबईहून हवेतून तासाभरात गोव्याच्या एका कोपऱ्यात उतरायचं आणि मग तीन तास टॅक्सीत बसून दुसरा कोपरा गाठायचा. आठ माणसं आणि सामान म्हणजे टॅक्स्या दोन. हवेत वाचवलेलं जमिनीवर मोजायचं. शिवाय विमानात हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा. बायकोच्या नुसत्या खाऊच्या पिशवीचं वजन मी एकदा केलंय, आकडा सांगत नाही.

उरला रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं. माझा मुलगा त्यानंतर जन्मला. तो आता नववीत आहे, आवाज फुटलाय, मिसरूड फुटतंय. रस्ताही फुटतोय. दोघांचंही 'पुढच्या वर्षी सुधारेल' हे वाक्य मी नियमित ऐकतो. तरी गाडीनंच जायचं ठरलं, कारण गाडीला वेटिंग लिस्ट नसते. ती रस्त्यावर असते.

आता खोली.

इथं थोडं थांबायला हवं, कारण माझं सगळं अर्थशास्त्र इथं बदललं. मी एका ठिकाणी फोन केला. मालक बोलका निघाला. मी विचारलं, 2 ऑक्टोबर, तीन खोल्या, दोन रात्री? त्यानं दर सांगितला. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, बरं, 29 सप्टेंबर, मंगळवार? त्यानं सांगितला तो पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. मला वाटलं मागल्या बाजूची खोली असेल, जनरेटरशेजारची. नाही. खोली तीच. पलंग तोच. खिडकीतून दिसणारी माडाची झावळी तीच. तिच्यावर बसणारा कावळासुद्धा बहुधा तोच. मी हुरूप येऊन विचारलं, आणि 30 डिसेंबर?

तो काही बोलला नाही. नुसता हसला. प्रेमानं हसला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही मंडळी खोली विकतच नाहीत. तारीख विकतात. पलंग वर फुकट असतो.

आपण मात्र बाजारात खोली शोधत हिंडतो. स्वच्छ आहे का, एसी आहे का, किनारा किती पावलांवर, कमोड आहे का (हा आईसाठी), वायफाय आहे का (हा मुलासाठी). घासाघीस या सगळ्यावर करतो. तारखेवर कुणी करत नाही, कारण तारीख आपल्या हातात नसते. ती शाळेच्या हातात असते, ऑफिसच्या हातात असते आणि उरलेली पंचांगाच्या. दुकानदाराला गिऱ्हाइकाची अडचण आधीच ठाऊक असली, तर तो भाव पाडेलच कशाला?

मेहुण्याला हे पटलं नाही. त्याच्या मते घासाघीस ही कला आहे आणि मला ती येत नाही. त्यानं किनाऱ्याजवळच्या एका बाईंचा नंबर मिळवला. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी तीन खोल्या काढल्यात. स्पीकर चालू करून मेहुण्यानं आपली कला आम्हाला दाखवली. आठ माणसं आहोत. दरवर्षी येऊ. ओळखीच्यांना पाठवू. चादरी आमच्या आणू. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, 'मंगळारा येयात.'

मंगळवारी या.

मग त्यांनीच हिशेब सांगितला, मराठीत, आम्हाला समजेल असा. जून ते सप्टेंबर खोल्या जवळजवळ बंद. बाकी महिन्यांत सोमवार ते गुरुवार निम्म्या रिकाम्या. भिंतींना बुरशी मात्र वर्षभर येते, सुटीच्या दिवसांपुरती येत नाही. पंपाचं बिल दरमहा येतं. तेव्हा लांब सुट्ट्यांचे मोजके दिवस म्हणजे त्यांची लावणी-कापणी. 'शेतकऱ्यानं कापणीच्या दिवसांत सूट द्यायची का?' मेहुणा गप्प झाला. मेहुण्याला गप्प करणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात पूर्ण भाडं देऊन टाकलं.

कोणी म्हणेल, मग गोवाच कशाला? तारकर्ली आहे, गुहागर आहे, दिवेआगर आहे. विचारलं. तिथंही 2 ऑक्टोबरच होता.

दरम्यान सरकारही आमच्या बेतात सामील झालं होतं. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर, त्याच्या वर गेलात की 18. ते 5 टक्केही 22 सप्टेंबर 2025 पासूनचे, आधी 12 होते. एका ठिकाणी मला खोलीचा दर बरोबर साडेसात हजार सांगितला. रुपयाही वर नाही. करप्रणालीचा इतका बारीक अभ्यास मी, वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढूनही, केलेला नाही.

'पण त्यात नाश्ता आहे,' मेहुणा म्हणाला. फुकटच्या नाश्त्यावर त्याचा एक स्वतंत्र सिद्धांत आहे. साडेदहाला, म्हणजे भांडी उचलायच्या जरा आधी, नाश्त्याला जायचं. इडली, पोहे, ऑम्लेट, पुन्हा इडली. दुपारचं जेवण त्यातच जिरवायचं. चारला भडंग, आपलं. रात्री काहीतरी हलकं. या हिशेबानं आम्ही गोव्याला जाऊन दोन दिवस इडल्या खाणार होतो आणि बांगडा परत आल्यावर डोंबिवलीला.

मेहुण्याच्या बायकोनं यावर तोड सुचवली. गॅसची छोटी शेगडी गाडीत टाकायची आणि किनाऱ्यावर पुलाव करायचा, मुलांना मजा येईल. मुलांना आली असतीच. गोव्यानं 2019 मध्ये कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडणाऱ्याला आणि बाटली उघडणाऱ्याला दंड ठेवला. तेव्हाचा दर एकट्याला 2,000 आणि घोळक्याला 10,000, पुढे तो वाढलाच. आम्ही आठ म्हणजे घोळका. जुन्या दरानंसुद्धा पुलाव माणशी 1,250 रुपयांना पडला असता, तांदूळ वेगळे.

खरं तर गोव्यात जेवण हीच एक गोष्ट अजून तारीख बघत नाही, जागा तेवढी बघते. पणजीच्या, म्हापशाच्या, मडगावच्या बाजारामागं दुपारी एकला ज्या खानावळी भरतात, तिथं कारकून, दुकानातली पोरं, बसचे कंडक्टर जेवत असतात. भात, त्यावर लालसर हुमण, तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर, नशीब असेल तर तिसऱ्या, वाटीत सोलकढी. टेबल पुसलेलं असतं, गुळगुळीत नसतं. समोर समुद्र नसतो, समोर पाठ करून बसलेला दुसरा जेवणारा असतो. तोच बांगडा किनाऱ्यावर लाकडी खुर्चीसमोर आला की त्याचा भाव उड्या मारतो, कारण आता ताटासमोर समुद्र आहे. समुद्र बघायचे पैसे आपण देतो. बांगड्यानं तो जन्मभर फुकट पाहिलेला असतो.

फिरण्याचंही तसंच. मडगाव-पणजी कदंबची शटल आहे. खिडकीवर तिकीट काढा, रांगेनं चढा, मधे कुठं थांबत नाही. खासगी बसमध्ये कंडक्टर 'फुडें चल, फुडें चल' करत तुम्हाला इतका आत ढकलतो की गोंयकारांशी जवळीक म्हणतात ती हीच. एकटा माणूस असेल तर पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट पायी माणसाकडून पैसेच घेत नाही. मांडवीवरचा तो संध्याकाळचा प्रवास मी तरुणपणी केलाय. त्यासाठी तिकीट असतं तर लोकांनी त्याचे फोटो काढले असते. फुकट आहे म्हणून मोबाइलमध्ये मान घालून उभे असतात.

पण आठ जणांचा घोळका शटलनं जात नाही. आठ जणांतल्या एकाला कायम 'जरा पाय दुखतोय' असतं, एकाला लागलेली असते आणि मेहुण्याचा मित्र तिथं कुणाकडून तरी स्कूटर 'अशीच' मिळवून देणार असतो. तिला पांढरी पाटी असते. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, हे गोव्यातल्या पोलिसाला आपल्यापेक्षा आधी दिसतं.

शेवटचा उपाय म्हणून बायकोनं विचारलं, पुढच्या पावसाळ्यात गेलो तर? सगळीकडं निम्मा दर असतो म्हणे.

असतो. कारण निम्माच गोवा उघडा असतो. किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवून ठेवलेले. पाण्याजवळ लाल बावटा, आणि तो हौसेनं लावलेला नसतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, एकसष्ट दिवस. मासे अंड्यावर असतात, त्यांना त्यांच्या संसारासाठी ही सुटी मिळते. सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर लांब सुटी हक्कानं घेणारे एवढे तेच. अशा दिवसांत ताटात आलेली सुरमई कुठून आली हे विचारू नये, बर्फाला वाईट वाटतं. तरी खरं सांगतो, उरलेला निम्मा गोवा काही वाईट नसतो. 24 जूनला सांजांव असतो, डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून पोरं गावच्या विहिरींत धडाधड उड्या टाकतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो. मोठे बाप्ये चिखलात लोळतात आणि कुणी कुणाला तिकीट विचारत नाही. पण 24 जूनला मुलाची शाळा नुकती सुरू झालेली असते, आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मला रजा मागायला कारण हवं. 'चिखलात लोळायला' हे कारण आमच्या एचआरच्या यादीत नाही.

तर अशी चर्चा चालली होती. आई एका बाजूला गणपतीसाठी वाती वळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, 'मंगळवारी किती म्हणाला तो?'

मी सांगितलं.

'मग मंगळवारी का नाही जात?'

मी समजावलं. 29 सप्टेंबर. मुलाची सहामाही तोंडावर. माझं ऑफिस म्हणजे 30 सप्टेंबरला सहा महिन्यांची खाती बंद करायची असतात, त्या आठवड्यात मी जेवायलाही घरी नसतो. आणि बायको म्हणाली, 'शिवाय पितृपक्ष आहे, आई. पितृपक्षात कुठं फिरायला निघायचं?'

आईनं वात खाली ठेवली.

'2 तारखेलाही पितृपक्षच आहे. सर्वपित्री 10 तारखेला आहे. एवढे फोन केलेत सगळ्यांनी, तेव्हा नाही कुणाला पितर आठवले?'

कोणी बोललं नाही. कॅलेंडरकडं बघायचीही कुणाची छाती झाली नाही. जोडून सुटी आली की मराठी माणूस पितरांना शनिवार-रविवार माफ करून टाकतो, हे मला माहीत होतं. आईला माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

'म्हणूनच स्वस्त आहे तो मंगळवार,' आई म्हणाली. 'शाळा आहे, हपिस आहे, पितर आहेत. कोण जाणार? आम्हाला शाळा नाही, हपिस नाही. आणि पितरांचं म्हणशील तर आमची रांग आता त्यांच्या मागेच लागलीय.'

आम्ही म्हणजे आई (वय 76), मावशी (वय 71) आणि भजनी मंडळातल्या एक काकू, ज्यांचं वय त्या सांगत नाहीत पण एसटीत मात्र 75 पूर्ण असल्याचा दाखला आधी पुढं करतात. बेत आधीच ठरलेला होता. तिकडं आम्ही चार फोनांवर प्रदक्षिणा घालत होतो, तेव्हा इकडं यांच्या एकादशीच्या भजनात मंजूर होऊन गेला होता.

रेल्वे नाही. रेल्वेनं 2020 च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली, तेव्हापासून आईनं रेल्वेशी बोलणं टाकलंय. एसटी. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आई आणि काकू फुकट, मावशी अर्ध्यात. मावशीला याचा सल आहे. आणखी चार वर्षं थांबून जाऊ या, असं तिनं सुचवलं होतं. ते बहुमतानं फेटाळलं गेलं.

'पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते,' मी म्हटलं. अकाउंट्सचा माणूस.

'म्हणून सावंतवाडीचं तिकीट. सकाळी पोचतो. मोती तलावाकाठी चहा, मालवणी माणसाशी दोन शब्द, मग कदंबनं पुढं. सीमा ओलांडायचे तेवढे पैसे.'

राहायचं कुठं? तर आमचं कुलदैवत फोंड्याकडचं. देवळाची अग्रशाळा आहे. खोली साधी, पंखा फिरतो, दारात तुळस. टीव्ही नाही, पोहायचा तलाव नाही, तळं आहे पण ते देवाचं. दुपारी प्रसादाचं जेवण, वेळेवर गेलं तर. मी आयुष्यभर गोव्यात खोल्या शोधताना ही खोली माझ्या यादीत कधी आली नाही, कारण तिथून समुद्र दिसत नाही.

'किनारा लांब पडेल, आई.'

'देवसुद्धा किनाऱ्यावरून उठून आत आले ना? कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली रातोरात नदीपलीकडं आणला, पोर्तुगिजांच्या भीतीनं. त्याचं अडलं का? बुधवारी बसनं मिरामारला जाऊ, पाय भिजवू, परत येऊ. समुद्राचं पाणी गुडघ्याच्या वर आमच्या काय कामाचं?'

बुधवारी मिरामार, गुरुवारी दिवाडीची फेरी, फुकटची. नंतर पणजीच्या बाजारामागं शीत-कडी. पितृपक्षात मासे कसे, असं बायकोनं विचारायचं धाडस केलं. आईनं सांगितलं, बाबांना बांगडा आवडायचा आणि त्यांच्या नावानं कुणीतरी तो खाल्लाच पाहिजे, तांदळाच्या पिंडावर माणूस किती दिवस काढेल.

मी वही पुढं ओढली आणि म्हटलं, एकूण खर्च किती धरलायस? छत्तीस हजारांच्या माझ्या अंदाजपत्रकाचं तोवर काय झालं होतं ते लिहीत नाही. मेहुण्यानं एव्हाना तीन खोल्यांचं आगाऊ भाडं भरून टाकलं होतं. ते परत मिळणार नव्हतं, आणि नाश्ता त्यात होता.

'आकडा नाही सांगणार,' आई म्हणाली. 'सांगितला की लोक बरोबर येतात.'

बी विंगच्या गृहस्थांना हे इतक्या वर्षांत कळलं नाही. किंवा कळलं असेल, आणि म्हणूनच ते अठरा हजार सांगत असतील.

मग तिनं परतीचं सांगितलं. गुरुवारी, 1 तारखेला, रात्रीची सावंतवाडीहून एसटी. मी जरा दुखावून म्हटलं, आम्ही त्याच रात्री इकडून निघणार, आठाचे सात उरलोय, तुझी भेटसुद्धा होणार नाही.

'होईल की. पहाटे आमची गाडी माणगावात येते,' आई वाती डब्यात भरत म्हणाली. 'तुम्ही तेव्हा तिथंच अडकलेले असाल. काच खाली करून ठेव, मी हात करीन.'